देवाच्या डोक्यावरची फट

मल्लेशप्पाचा राग दोन जिल्ह्यांना माहीत होता. इकडं निलंगा, शिरूर अनंतपाळ, उदगीर. तिकडं देगलूर, नायगाव. जिथं जिथं भुईकाटा आहे, म्हणजे मालानं भरलेली गाडी जशीच्या तशी लोखंडी प्लॅटफॉर्मवर चढवून तोलतात, तिथं तिथं त्याच्या जुन्या मोटरसायकलचा आवाज ओळखीचा होता. आवाज आला की प्लॅटफॉर्मवर पसरलेली कुत्री आधी उठायची आणि मग मुनीम. वय त्रेपन्न. गळ्यात लिंग, खिशात तीन रंगांची पेनं, आणि कपाळावरचं भस्म दुपारपर्यंत घामानं अर्धं पुसलेलं. आल्या आल्या तो कुणाशी बोलायचा नाही. प्लॅटफॉर्मभोवती एक फेरा मारायचा, कडेच्या फटीत अडकलेले खडे, भुसा, गुटख्याच्या पुड्या बघायचा, आणि मग ज्याच्या ताब्यात काटा असेल त्याच्यावर तोंड सोडायचा. तुझ्या चपलेत खडा गेला तर तू लंगडशील का न्हाई, मग याच्या पायात गेला तर यानं का लंगडू नये, असं विचारायचा. उत्तर कुणी देत नसे. उत्तर दिलं तर अजून अर्धा तास जायचा.

त्याचा बाप गुंडप्पा निलंग्याच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, तोलाईचं काम करायचा, दोन पारड्यांच्या काट्यावर. रोज सकाळी पहिलं पोतं तोलायच्या आधी गुंडप्पा पारड्यांतलं सामान अदलाबदल करून बघायचा. डावीकडचं उजवीकडं, उजवीकडचं डावीकडं. फिरवल्यावरही दांडी तशीच राहिली तरच हात पुढं करायचा. व्यापारी हसायचे, शेतकरी कंटाळायचे, गुंडप्पा ढिम्म. पुढं मोंढ्यात विजेचे काटे आले, गुंडप्पाची दांडी कोपऱ्यात गेली, आणि मल्लेशनं हैदराबादहून येणाऱ्या एका मिस्तरीच्या हाताखाली चार वर्षं काढून नवी विद्या घेतली. इंग्रजी पुस्तकाचं एकेक पान त्यानं शब्दकोश मांडीवर ठेवून वाचलं. एका पानाला आठवडा लागला तरी पान सोडलं नाही.

त्या विद्येचा जीव लोडसेलमध्ये होता. लोडसेल म्हणजे मुठीएवढा पोलादाचा तुकडा. वर ओझं आलं की तो इतका थोडा दबतो, की डोळ्याला दिसणार नाही, बोटाला कळणार नाही; पण त्या दबण्याची खबर तो तारेतून पाठवतो. एका काट्याखाली असे सहा तुकडे सहा जागी बसवलेले असतात. सहा जणांची खबर एका डबीत गोळा होते, तिथून केबिनमध्ये जाते आणि आकडा होऊन उमटते. सगळी बोंब नेहमी लोडसेलच्या नावानं होते. वजन चुकलं की मालक म्हणतो सेल गेला, बदला. मल्लेशप्पा चिडायचा. तो सांगायचा, लोडसेल खोटं बोलत नाही. त्याच्यापर्यंत जेवढं ओझं पोचतं तेवढंच तो सांगतो. पोचलंच नाही त्याची खबर तो कुठून देईल?

हे तो पंचवीस वर्षं लोकांना सांगत आला. आणि एका माघ महिन्यात स्वतःच विसरला.

तुरीचा हंगाम भरात होता. मल्लेशप्पा नायगावला एका जिनिंगच्या काट्यावर होता आणि सकाळी नऊच्या सुमाराला फोन वाजला. फोन शिवप्रसाद शेठचा. निलंगा ते शिरूर अनंतपाळ रस्त्यावर त्याची डाळ मिल. शेठचं बोलणं नेहमीसारखंच साखरेत घोळलेलं. म्हणाला, मागच्या महिन्यात तुम्ही काट्यात दोष नाही म्हणून कागद दिलात ना, तसाच अजून एक पाहिजे, आजच्या तारखेचा, सही-शिक्क्यासकट. यायची तसदी घेऊ नका. लिहून फोटो पाठवला तरी चालेल.

न बघता कागद कशाला, मल्लेशप्पानं विचारलं. पोलिसांत द्यायचाय, शेठ म्हणाला. काट्यावरच्या तारामतीनं चोरी केलीय.

तारामती त्या मिलच्या काट्यावर अकरा वर्षं बसत होती. भरल्या गाडीचं वजन घ्यायचं, रिकाम्या गाडीचं घ्यायचं, वजाबाकी करून पावती फाडायची. येणारी तूर तिच्यापुढून यायची, जाणारी डाळ तिच्यापुढून जायची. आलेली असो की जाणारी, भरली गाडी बहुतेक रस्त्याकडं तोंड करूनच काट्यावर चढायची. हमाल तिला ताराक्का म्हणत. परवा मिलची डाळ घेऊन नांदेडला गेलेली गाडी तिथल्या काट्यावर दीड क्विंटल जास्त भरली. शेठनं सरळ अर्थ काढला, की ताराक्कानं ड्रायव्हरशी हातमिळवणी करून वजन कमी लिहिलं आणि तीन पोती वरच्या वर गेली. काटा तर बरोबर आहे. कशावरून? मल्लेशप्पाच्या कागदावरून.

मल्लेशप्पा एवढंच म्हणाला, "मी येतो. तवर कुणाची सही घेऊ नका." जिनिंगवाल्याचं काम त्यानं अर्धं तसंच टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा.

देगलूर मागं पडलं, उदगीर आलं, आणि वाऱ्याबरोबर त्याच्या कानात एकच गोष्ट घुमत राहिली. मागच्या महिन्यात, येळवस, म्हणजे शेतात पुजायची वेळ अमावस्या, होऊन पंधरा दिवस झाले होते, तेव्हा ताराक्काचाच फोन आला म्हणून तो त्या मिलवर गेला होता. वजन डळमळतंय म्हणाली होती. त्याला एक सेल थोडा थकलेला वाटला, तो त्यानं बदलला. मिलमधली एक टन वजनं चारही कोपऱ्यांवर फिरवून ठेवली. सगळीकडं आकडा बरोबर. कागद लिहिला, शिक्का मारला. निघताना ताराक्का केबिनमधून बाहेर आली होती. म्हणाली होती, मल्लेशप्पा, गाडीचं तोंड रस्त्याकडं करून घेतली तर वजन येगळं येतंय आन् मिलकडं करून घेतली तर येगळं, एकदा बघा की. आणि तो गाडीला किक मारत म्हणाला होता, "अक्का, तुम्ही आकडे लिहा. आकडा कसा येतो ते माझ्यावर सोडा."

उदगीरच्या पुढं रस्त्यात त्यानं मोटरसायकल थांबवली, पाणी प्यायला. आता राग ज्याच्यावर काढायचा तो माणूस आरशात दिसत होता, मोटरसायकलच्या फुटक्या आरशात.

मिलवर पोचला तेव्हा दुपार टळत होती. गेटबाहेर तुरीचे आठ-दहा ट्रॅक्टर उभे, कारण काटा बंद. केबिनला कुलूप. ताराक्का केबिनच्या पायरीवर बसलेली, मांडीवर तिची जेवणाची पिशवी, न सोडलेली. रडलेली दिसत नव्हती. रडलेली असती तर मल्लेशप्पाला सोपं गेलं असतं. हमालांचा मुकादम शेषेराव तंबाखू मळत बाजूला उभा होता. त्यानंच सांगितलं, की शेठनं दिवस मावळायच्या आत कबुलीच्या कागदावर सही करून जायला सांगितलंय, नाहीतर पोलीस.

मल्लेशप्पा ताराक्कापुढं उभा राहिला. बोलायला तोंड उघडलं, पण तीच आधी बोलली.

"तुमचा कागद दाखवला मला शेठनी. अक्षर लई चांगलं हाय तुमचं."

मग तीच सांगत राहिली, त्याच्याकडं न बघता. गेल्या आठवड्यात रविकिरण नावाचा एक शेतकरी भांडून गेला होता. त्यानं गावातल्या काट्यावर तूर तोलून आणली होती आणि इथं ती दीड क्विंटल कमी भरली. त्यानं सगळ्यांदेखत तिला चोर म्हटलं, शेठसाठी आम्हाला कापते म्हटलं. तेव्हा शेठ हसले होते, शेतकऱ्यांचं असंच असतं म्हणाले होते. आता शेठ म्हणतात ती ड्रायव्हरसाठी शेठना कापते.

"शेतकऱ्याला कापून शेठला द्यायचं, शेठला कापून डायवरला द्यायचं," ती म्हणाली, "आन् मी मात्र एसटीनं यायचं. कसली चोर हाय हो मी?"

मल्लेशप्पानं मनात हिशोब मांडला. येणारी गाडी कमी, जाणारी गाडीही कमी. चोरी करणाऱ्याची एक बाजू असते. इथं तर भरलेली प्रत्येक गाडी कमी दाखवली जात होती, मग ती कुणाची का असेना. आणि शेठनं दोन्ही गोष्टी ऐकल्या होत्या, पण जी त्याला टोचली तेवढीच धरली. जी शेतकऱ्याला टोचली ती हसण्यावारी. मल्लेशप्पाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

शेठ ऑफिसातून बाहेर आला, चहा सांगतो म्हणाला. मल्लेशप्पानं चहा नको म्हटलं, केबिनची चावी मागितली आणि भरलेली गाडी मागितली. शेठच्या कपाळाला आठी पडली. म्हणजे तुमचा पहिला कागद खोटा होता का, त्यानं विचारलं. तेच बघायला आलोय, मल्लेशप्पा म्हणाला, आणि चावीसाठी हात तसाच पुढं धरून राहिला. चावी मिळायला वेळ लागला, पण मिळाली.

आधी त्यानं डबी उघडली. सहाच्या सहा सेलच्या तारा सोडवल्या, एकेक करून मीटरला लावल्या. प्रत्येकाचा आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहिला. सहाही जणांचे आकडे भावंडांसारखे एकमेकांशी जुळत होते. मग ओल शिरलीय का बघितलं, कोरडं. तारा उंदरानं कुरतडल्यात का बघितलं, अख्ख्या. हे सगळं व्हायला तास गेला. गेटवरचे ट्रॅक्टरवाले आत येऊन उभे राहिले. शेषेराव तंबाखूची चिमूट ओठात सारत म्हणाला, "मल्लेशप्पा, साही पास झाले की. आता सातवा कुठून आणताव?"

लोक हसले. मल्लेशप्पा हसला नाही. तारा जागच्या जागी जोडून त्यानं गाडी घ्यायला सांगितलं.

गाडी तीच, नांदेडला जाऊन आलेली, आज पुन्हा डाळीनं भरलेली. ड्रायव्हर सुदर्शन सकाळपासून शिव्या खाऊन बसला होता. त्यानं गाडी रस्त्याकडं तोंड करून चढवली. आकडा आला. खाली उतरवली, वळवली, मिलकडं तोंड करून चढवली. आकडा आला. दोन आकड्यांत एकशे साठ किलोचा फरक. गाडी तीच, डाळ तीच, ड्रायव्हरनं पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

मल्लेशप्पाला मोंढ्यातला गुंडप्पा आठवला, पारडी अदलाबदल करणारा. बापानं दिलेला पहिला धडा. आणि तोच धडा ही बाई महिन्यापूर्वी त्याला परत सांगत होती, तेव्हा तो किक मारत होता. एक टन वजनानं तो समाधान पावला होता. एक टनानं हा प्लॅटफॉर्म वाकतो कुठं? तो वाकतो वीस टनाला, आणि वाकला की कशाला तरी टेकत असणार. गाडीचं मागचं जड धूड ज्या टोकाला येईल, तिथं.

तो खड्ड्यात उतरला. हातात बॅटरी, खिशात वर्तमानपत्राची एक लांब पट्टी.

प्लॅटफॉर्मखालच्या त्या खड्ड्यात माणूस वाकून चालतो. थंडावा असतो, जुन्या ग्रीसचा वास असतो, आणि डोक्यावर जाड लोखंडी गर्डर. मल्लेशप्पानं पुन्हा एकदा सगळ्या कडा तपासल्या. एकेका सेलचं बूड तपासलं. खडा नाही, चिखल नाही. मिलकडच्या टोकाला, शेवटच्या सेलपासून दोन हातांवर गर्डरखाली आला तसे त्याचे हात आपोआप जुळले. दरवेळी जुळायचे. तिथं म्हसोबा होता.

बारा वर्षांपूर्वी हा खड्डा खणताना तो धोंडा निघाला होता, शेंदूर लावलेला, कुण्या जुन्या शेतमालकाचा बांधावरचा देव. गवंडी कुदळ टाकून बसला. तेव्हा शेठची आई गुरम्मा, जिला सगळे अव्वा म्हणतात, तिनं सांगितलं, की देवाला त्याच्या जागेवरून उठवायचं नाही. म्हणून खड्ड्यातच छोटा ओटा बांधून देव बसवला. वर गर्डर आणि देवाचं डोकं यांत चांगली चार बोटं जागा होती. अव्वा दर अमावस्येला खाली उतरून तेल-शेंदूर लावायची. गुडघे गेले तशी हमालांच्या हाती पाठवू लागली. म्हसोबावर हमालांचीही भक्ती. हात आखडता कुणी घेतला नाही. आणि येळवशीला तर दुप्पट.

मल्लेशप्पानं जुळलेले हात सोडले आणि बारा वर्षांत पहिल्यांदा देवाकडं मिस्तरीच्या डोळ्यांनी बघितलं. एकशे चाळीसच्या वर अमावस्या. दर अमावस्येला एक लेप, नखाएवढा जाड. जुने लेप सुकून दगडासारखे झालेले. देव वाढला होता. चार बोटांतली उरलीसुरली जागा यंदाच्या येळवशीच्या दुप्पट लेपानं संपली होती. त्यानं कागदाची पट्टी देवाच्या डोक्यावरून आत सरकवली. कशीबशी गेली आणि बाहेरही आली. फट होती, पण कागदाएवढी.

तो कुशीवर आडवा झाला, पट्टी हातात धरली आणि वर ओरडून सुदर्शनला सांगितलं, गाडी वळवून रस्त्याकडं तोंड कर आणि हळूहळू मागं घे. वीस टनांचं धूड त्याच्या डोक्यावरून सरकू लागलं. गर्डर कण्हल्यासारखा आवाज करत खाली आला, दोऱ्याएवढा, दोन दोऱ्यांएवढा. मल्लेशप्पानं पट्टी ओढली. पट्टी हलली नाही. पुन्हा ओढली. अर्धी फाटून हातात आली, अर्धी देवाच्या डोक्यावर राहिली.

सहा पायांवर उभा असलेला काटा सातव्यावर टेकत होता. दीड क्विंटल ओझं देव आपल्या डोक्यावर घेत होता, मुकाट्यानं, आणि ते ओझं ज्यांच्यापर्यंत पोचलंच नाही ते सहा सेल इमानदारीनं तेवढं कमी सांगत होते. या जागेवर मल्लेशप्पा कितीदा आला होता. प्रत्येक फटीत त्यानं पट्टी घालून बघितली होती, फक्त याच फटीत नाही. इथं आला की तो हात जोडायचा, डोळे मिटायचा आणि पुढं सरकायचा.

वर आल्यावर त्यानं फाटकी पट्टी सगळ्यांना दाखवली आणि काय झालं ते सांगितलं. दोन-तीन हमालांनी कानाला हात लावले. शेषेरावच्या ओठातली तंबाखू तशीच राहिली. शेठनं खड्ड्याच्या दिशेनं हात जोडले, बराच वेळ, आणि मग मल्लेशप्पाचा दंड धरून त्याला ऑफिसच्या भिंतीआड नेलं.

तिथं शेठ जे बोलला ते साखरेतच होतं. देवाची इच्छा, आपण माणसं काय करणार. मोठी पूजा घालू, शांती करू. ताराक्काला उद्यापासून येऊ दे कामावर, कसली तक्रार, कसले पोलीस. फक्त हे प्रकरण इथंच राहू द्या. बाहेर ट्रॅक्टर उभे आहेत. येळवशीपासून दीड महिना झाला, किती गाड्या झाल्या, लोक उद्या दारात बसतील. तुम्ही आपलं असं लिहा की एक सेल खराब होता, आज बदलला.

मल्लेशप्पाचा आवाज चढला तो सगळ्या अंगणात ऐकू गेला.

"शेठ, चांगल्या सेलवर खोटा आळ घेऊ? बाईवर घेऊन झाला, आता लोखंडावर घेताव? देवाला मध्ये घालू नका. देव दिसत हुता मला बी आन् तुमाला बी. हात जोडले, बघितलं कुणीच न्हाई. तुमची तीन पोती गेली तर चोर सापडायला तुमाला एक दिस पुरला. त्या रविकिरणची गेली तवा तुमी हसून राहिलते."

त्या आवाजानं मागच्या घरातून अव्वा आली, काठी टेकत, सुनेचा हात झिडकारत. ऐंशी वर्षांची बाई. काय झालं ते तिला शेषेरावनं सांगितलं, अडखळत, कारण लेप लावणारे हात त्याचेही होते. अव्वा खड्ड्याच्या तोंडाशी जमिनीवर बसली. तिनं वाकून खाली बघितलं. मग म्हणाली, की देवाच्या अंगावरचं जुनं उतरायची वेळ येतेच, माझी सासू मांजरा नदीत नेऊन सोडायची. लोखंड लावू नका, लाकडानं सोडवा. एवढं सांगून तिनं मुलाकडं मान वळवली आणि विचारलं, "तारावर आळ कुणी घेतला?"

शेठ चपलेच्या टोकानं माती उकरत राहिला.

शेषेराव आणि मल्लेशप्पा दोघं खाली उतरले. कोमट तेल सोडून, लाकडी फळीनं, हलक्या हातानं काम चाललं. शेंदराचं कवच दोन तुकड्यांत निघालं, आतून बघितलं तर तोडलेल्या खोडात दिसावेत तसे थर, फिकट, गडद, फिकट, गडद. आत देव नारळाएवढा होता, काळा, थोडा ओलसर. शेषेरावनं डोळे पुसले आणि कवच धोतराच्या ओच्यात घेऊन वर गेला.

सुदर्शननं गाडी पुन्हा चढवली, रस्त्याकडं तोंड करून आणि मिलकडं तोंड करून. आकडा एकच आला. मल्लेशप्पानं तिसऱ्यांदा वळवून बघायला लावलं. तोच.

मग त्यानं बॅगेतलं लेटरपॅड काढलं आणि मोटरसायकलच्या सीटवर ठेवून लिहायला बसला. मागचा कागद द्यायला त्याला पाच मिनिटं लागली होती, या कागदाला अर्धा तास लागला. लिहिलं, की अमुक तारखेला दिलेला दाखला चुकीचा होता आणि तो रद्द समजावा. येळवशीपासून आजपर्यंत या काट्यावर भरलेल्या गाडीचं वजन एकशे साठ किलोपर्यंत कमी दाखवलं गेलं, येणाऱ्या मालाचं आणि जाणाऱ्याचंही. लोडसेल निर्दोष. काटा चालवणाऱ्या तारामतीबाई निर्दोष. चूक तपासणाऱ्याची. खाली सही, शिक्का.

शेठनं कागदासाठी हात पुढं केला. फाईलला ठेवतो म्हणाला. आणि हलक्या आवाजात हेही म्हणाला, की हा कागद गेटवर गेला तर या मिलचंच काय, ओळखीतल्या एकाही मिलचं काम तुम्हाला मिळणार नाही. मल्लेशप्पानं कागद त्याच्या हाताला लागू दिला नाही. पायरीपर्यंत गेला आणि ताराक्काच्या हातात दिला.

तिनं तो सावकाश वाचला. ओळीखाली बोट ठेवून, जशी ती आकडे तपासायची तशी. परत त्याच्याकडं धरला.

"यात हे न्हाई," ती म्हणाली, "की मी सांगितलं हुतं."

मल्लेशप्पानं कागद घेतला. रागानं नाक फुललं, आणि कुणावर ते त्याचं त्यालाच ठाऊक. सहीच्या खाली जागा थोडी होती. तिथं त्यानं बारीक अक्षरात लिहिलं, की गाडीचं तोंड फिरवलं की वजन बदलतं हे तारामतीबाईंनी मला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, मी ऐकून घेतलं नाही. पुन्हा सही केली.

मग तो गेटवर गेला. ताराक्का पिशवी घेऊन मागोमाग. ट्रॅक्टरवाले गोळा झाले, हमाल आले. अव्वा खड्ड्यापाशी बसून होती, शेठ ऑफिसच्या दारात. मल्लेशप्पानं वाचायला सुरुवात केली. सगळ्या तालुक्यात घुमणारा त्याचा आवाज शेवटच्या ओळीला आल्यावर पडला. कसाबसा वाचून त्यानं घडी घातली. कुणीतरी विचारलं, मग दीड महिन्याचं आमचं काय, आणि दहा-बारा माना एकदम ऑफिसच्या दाराकडं वळल्या.

मल्लेशप्पानं ताराक्काला विचारलं, उद्या कामावर येताव ना.

"ते नंतर बघू," ती म्हणाली. "शेवटची ओळ मागच्यांना ऐकू गेली न्हाई. परत वाचा."

त्यानं घडी उलगडली आणि वरपासून पुन्हा वाचलं.